उकिरड्याची जागा

आमच्या गावात नवं घर बांधायला काढलं की दोन जागा आधी ठरायच्या, देव्हाऱ्याची आणि उकिरड्याची. देव्हाऱ्याचं सोपं होतं. दिशा ठरलेली, भटजींना विचारलं की काम झालं. उकिरड्यासाठी मात्र शेजाऱ्याला विचारावं लागायचं. मुरबाड तालुक्यातलं आमचं चाळीसेक उंबऱ्यांचं गाव, घरं एकमेकांना खेटून. आपल्या परसात खड्डा काढला तर तो दुसऱ्याच्या पडवीपासून दहा-पंधरा हातांवर येणार हे ठरलेलंच.

माझ्या आजोबांनी घर बांधलं तेव्हाची गोष्ट आमच्याकडे कितीदा तरी सांगितली गेलीय. ते शेजारच्या आबांकडे जाऊन बसले, सुपारी कातरली, भाताच्या गोष्टी झाल्या आणि मग हळूच उकिरड्याचा विषय काढला. आबांनी नाही म्हटलं नाही. "घाल की. पन पावसाचं पानी माज्या अंगनात येता नये." एवढीच अट. आजोबांनी त्या बाजूला चर खणला, मातीचा बांध घातला. पुढे एका आषाढात पाऊस असा लागला की बांध फुटला आणि काळं पाणी थेट त्यांच्या तुळशीपर्यंत गेलं. तेव्हा आबांची बायको, आम्ही तिला थोरली आजी म्हणायचो, भर पावसात डोक्यावर इरलं घेऊन आमच्या ओटीसमोर येऊन उभी राहिली. भांडली नाही की ओरडली नाही. नुसती उभी. आजोबा कुदळ घेऊन बाहेर पडेपर्यंत ती हलली नाही, आणि चर मोकळा होईस्तोवर घरात गेली नाही.

आज वर्तमानपत्रात 'घनकचरा प्रकल्पास मंजुरी' असा मथळा दिसला, त्याखाली 'स्थानिकांचा विरोध' अशी ओळ आली, की मला थोरली आजी आठवते. होकार आबांनी दिला होता हे खरं. पण तो होकार दिला आणि संपला असं तिच्या मनात कधीच नव्हतं. पाणी आलं की येऊन उभं राहण्याचा हक्क तिने स्वतःकडे ठेवला होता, आणि आजोबांनाही तो मान्य होता. हा हक्क कुठे लिहिलेला नव्हता.

उकिरडा म्हणजे घाण, हा शहराचा अर्थ. गावात उकिरडा ही मत्ता होती. शेण, गोठ्यातलं मुतारलेलं गवत, चुलीची राख, अंगणाचा केर, पडलेला पाला असं सगळं वर्षभर त्यात पडायचं. खरकटं मात्र तिथवर पोचायचंच नाही. शिळा भात, भाज्यांची देठं, पेजेचं पाणी हे गुरांच्या घमेल्यात जायचं, आणि जे सांडलं ते कोंबड्या टिपायच्या. चैत्र-वैशाखात उकिरडा उपसायचा. वरचा थर बाजूला केला की खाली काळंभोर, भुसभुशीत खत निघायचं. त्याला वास असा नसायचाच. पहिल्या पावसानंतर मातीला येतो तसा काहीसा. गाड्या भरून ते शेतावर जायचं. आमच्याकडे भाताच्या रोपासाठी राब भाजतात, त्या राबाला शेण लागायचं, आणि लावणीच्या खाचरांना खत. एखाद्याचं घर कसं आहे हे सोयरीक जुळवताना विचारायचे तेव्हा गुरं किती, हे विचारायचे, आणि जाणता माणूस बोलता बोलता उकिरड्याकडेही नजर टाकून यायचा. उकिरडा मोठा म्हणजे गोठा भरलेला. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात अशी म्हण आहे. आमच्याकडे दर वर्षीच फिटायचे. दिवाळीत एक पणती उकिरड्यावरही जायची. आई लावायची, आणि 'तिथे कशाला?' असं विचारलं की म्हणायची, "तो काय परका हाय का?"

हे सगळं सांगताना मन भरून येतं खरं, पण गावाचं इतकंच चित्र काढून थांबणं बरोबर नाही. कारण घरच्या उकिरड्यासाठी शेजाऱ्याला विचारणारं हेच गाव, दुसऱ्या एका घाणीसाठी कुणालाही विचारत नव्हतं.

ढोर मेलं की ते कुठे न्यायचं, कुणी न्यायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं होतं. न्यायचं महारवाड्यातल्या माणसांनी. टाकायचं वाड्यापलीकडच्या माळावर. आमच्या भागात पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो, आणि वाडा गावाच्या ईशान्येला. म्हणजे गावाचा वास वाड्यावर, आणि माळाचा वासही वाड्यावरच. ज्याने कुणी ही जागा ठरवली त्याला वाऱ्याचं ज्ञान पक्कं होतं. आजच्या भाषेत बोलायचं तर गावाचा विकास आराखडा तयार होता, आरक्षणंही टाकलेली होती, फक्त हरकती-सूचना कुणी मागवल्या नव्हत्या. १९२७ साली महाडच्या परिषदेनंतर ठिकठिकाणी महार समाजाने मेलेलं ढोर ओढायचं बंद केलं. आमच्या गावात ते उशिरा घडलं, वडिलांच्या तरुणपणी. वडील सांगायचे, एका घरचा बैल मेला, निरोप गेला, आणि वाड्यातून कुणी आलं नाही. दोन दिवस बैल गोठ्यात पडून. तिसऱ्या दिवशी घरच्याच माणसांनी नाकाला फडकं बांधून तो ओढत नेला आणि आपल्याच शेताच्या बांधाला खड्डा काढून पुरला. गाव चिडलं. वाड्याला पिठाची गिरणी बंद, दुकान बंद, असले प्रकार झाले. पण वडील पुढे एक गोष्ट हमखास सांगत. त्यानंतर गावात ढोर पुरायचे खड्डे खोल निघायला लागले. आधी माळावर नुसतं टाकून यायचे. आता वास आपल्याच अंगणात येणार म्हटल्यावर चार हात खोल खणणं कुणाला जड जाईना.

वडील पुढे ठाण्याला कारखान्यात लागले आणि आम्ही वर्तकनगरला आलो. म्हाडाची वसाहत, दोन खोल्या. समोर पोखरण रोड, मागे उपवनाच्या बाजूला येऊरचे डोंगर, सकाळी कारखान्याचे भोंगे. इथे आल्यावर आईला पडलेला पहिला प्रश्न होता, 'खरकटं टाकायचं कुठं?' गुरं नाहीत, कोंबड्या नाहीत, परस नाही. कोपऱ्यावर कचराकुंडी होती, तिथे टाकायचं. आईला ते कितीतरी दिवस जमलं नाही. भात उरला तर ती तो वाळत घालायची, चिमण्यांना टाकायची, शेवटी स्वतः खायची, पण कुंडीत टाकताना तिचा हात अडायचा. कुंडी ओसंडून वाहायची, गायी आणि कुत्री तोंड घालायची, पावसात दुर्गंधीने जीव जायचा. तिचं कौतुक करण्यासारखं काही नव्हतं. पण एक होतं, ती दिसायची. आपण काय टाकतो आणि त्याचं काय होतं, ते शाळेत जाता-येता रोज डोळ्यांसमोर असायचं.

मग कुंड्या गेल्या आणि घंटागाडी आली. ही सुधारणाच, त्यात वाद नाही. सकाळी गाणं वाजवत गाडी येते, दहा मिनिटांत इमारतीचा कचरा घेऊन जाते. त्याच दहा मिनिटांत तो आपल्या विचारातूनही निघून जातो. म्हाडाच्या जुन्या इमारतींच्या जागी आता टॉवर उभे राहताहेत. जिथे तीन मजल्यांवर माणसं राहायची तिथे पंचवीस-तीस मजल्यांवर राहतात. सगळ्यांच्या डब्यांतलं उष्टं रोज खाली उतरतं आणि कुठेतरी जातं. 'कुठेतरी' हा शब्द आपल्याला फार सोयीचा झालाय.

हे 'कुठेतरी' म्हणजे वर्षानुवर्षं दिवा होतं. मुंबईचं 'कुठेतरी' आमच्या वेशीवर, मुलुंडला होतं. १९६७ पासून तिथे कचरा पडत होता आणि कोपरीतल्या लोकांना तो वास आपल्या पालिकेचाही नव्हता. २०१८ मध्ये मुलुंड बंद झालं. दिव्याचा डोंगर २०२३ मध्ये बंद झाला, मग कचरा भंडार्लीला गेला, मग डायघरला. दर वेळी तिथल्या माणसांनी गाड्यांसमोर उभं राहून विचारलं, आम्हीच का? दर वेळी उत्तर मिळालं, तात्पुरतं आहे. पलीकडे कल्याणला आधारवाडी. तिथला ढीग उन्हाळ्यात पेटायचा आणि दिवसेंदिवस धुमसत राहायचा. कल्याण-डोंबिवलीत नवी बांधकामं धडाक्यात चालू होती आणि कचरा त्याच ढिगावर चढत होता. एप्रिल २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की कचऱ्याची नीट व्यवस्था लागेपर्यंत कल्याण-डोंबिवलीत नव्या बांधकामांना परवानगी द्यायची नाही. वर्षभराने बंदी उठली. आधारवाडीत कचरा पडायचा थांबला तो मे २०२१ मध्ये. त्या बंदीवर बिल्डर चिडले, घर बुक केलेले हवालदिल झाले. आमच्या गावच्या एखाद्या म्हाताऱ्याला मात्र तो हुकूम लगेच समजला असता. उकिरड्याची जागा ठरवली नाही आणि घर बांधायला काढलं, तर कुणीतरी अडवणारच.

आता प्रश्न बदलला आहे. नुसता ढीग घालायला उघडपणे कुणी परवानगी मागत नाही. मागतात ती प्रक्रियेच्या प्रकल्पाला. ओला कचरा, हॉटेलांतलं उरलेलं अन्न, भाजी बाजारातला पाला एका ठिकाणी आणायचा, दळायचा, बंद टाकीत कुजवायचा, गॅस काढायचा, उरलेल्याचं खत करायचं. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी 'निसर्गऋण' नावाची पद्धत बसवली ती याच कामाची. आधी गरम पाणी आणि हवा देऊन लगदा मोडायचा, मग हवाबंद टाकीत गॅस करायचा. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेने घरगुती उष्ट्यावर चालणारं छोटं गॅस संयंत्र केलं, त्याला २००६ मध्ये ॲश्डेन पुरस्कार मिळाला. म्हणजे विद्या आपल्याकडे आहे, आणि मराठी माणसांनीच उभी केलेली आहे. मग असा प्रकल्प घराजवळ येतो म्हटल्यावर माणसं रस्त्यावर का येतात? कल्याणला बारावे इथे सोसायट्यांनी विरोध केला तो का?

शिकलेली माणसं यावर एक उत्तर देतात, लोक स्वार्थी आहेत, कचरा आमचा पण प्रकल्प दुसऱ्याच्या दारी. मला हे उत्तर अपुरं वाटतं. असे एक-दोन प्रकल्प मी जाऊन पाहिलेत. तिथे एक गोष्ट ध्यानात आली ती कागदावर सहसा दिसत नाही. वास टाकीतून येत नाही, टाकी बंदच असते. वास येतो तो दाराशी थांबलेल्या गाडीतून. रात्री आलेली गाडी सकाळपर्यंत उभी राहिली, दळणयंत्रात प्लास्टिकची पिशवी अडकली आणि काम चार तास थांबलं, गाडीखाली गळलेलं पाणी कुणी धुतलं नाही, की उष्टं हवेविना आंबतं आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. अन्नाचा कचरा बहुतांश पाणीच. त्याला बिघडायला एक रात्र पुरते. म्हणजे प्रकल्प तोच, यंत्र तेच, परवानगीचा कागदही तोच. सोमवारी वास नाही आणि मंगळवारी घरात बसवत नाही. परवानगी एकदाच मिळते, वास रोज येतो. सगळी अडचण इथे आहे. लोक ज्याला नको म्हणतात तो मंगळवार असतो, आणि अधिकारी ज्याचं चित्र दाखवतात तो सोमवार. आणि तो मंगळवार कुणाच्या हातात असतो? प्रकल्पाशेजारी राहणाऱ्याच्या तर नाहीच. पाच किलोमीटरवर कुणीतरी उष्ट्यात दुधाची पिशवी टाकली तर तिचा वास त्याला येणार.

पुण्याच्या सूस-बाणेरचं प्रकरण या बाबतीत समजून घेण्यासारखं आहे. तिथे अन्नकचऱ्याचा लगदा करून पुढे गॅससाठी पाठवणारा प्रकल्प. भोवती मोठ्या सोसायट्या. रहिवासी हरित न्यायाधिकरणात गेले. ऑक्टोबर २०२० मध्ये प्रकल्प बंद करून दुसरीकडे हलवण्याचा आदेश झाला. महापालिका सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १२ सप्टेंबर २०२४ रोजी तो आदेश रद्द झाला. न्यायालयाने म्हटलं, ही जागा २००२ च्या आराखड्याच्या मसुद्यातच कचरा प्रकल्पासाठी राखलेली होती, इमारती नंतर आल्या. आणि प्रकल्प बंद केला तर पश्चिम पुण्याचा ओला कचरा अख्ख्या शहरातून पलीकडे न्यावा लागेल. मात्र दुर्गंधी रोखायच्या उपायांबद्दल आणि भोवती झाडी वाढवण्याबद्दल सूचनाही दिल्या.

निकाल मला पटतो. आणि पटतो म्हणूनच त्यातल्या एका मुद्द्यापाशी मी अडतो. 'प्रकल्प आधी, तुम्ही नंतर आलात' हे कोर्टात चालतं. बाणेरला घर घेणाऱ्याने आराखडा बघायला हवा होता, वकील लावायला हवा होता, हे म्हणता येईल. त्याची ऐपत होती. दिव्याला घर घेणाऱ्यालाही ढीग दिसतच होता. तो दिसत असूनही त्याने घर घेतलं, कारण ढीग होता म्हणूनच घर त्याला परवडत होतं. दोघंही 'माहीत असून आले'. पण एकाला दुसरीकडे जाता येत होतं. आणि उरुळी देवाची, फुरसुंगीच्या लोकांचं काय? ते तर कुठून आलेच नव्हते. १९९१ पासून पुण्याचा कचरा त्यांच्या शिवारात येऊन पडला, विहिरींचं पाणी बिघडलं, तीसेक वर्षं आंदोलनं झाली. पश्चिम पुण्याचा कचरा पश्चिम पुण्यातच राहावा, या न्यायाचा लाभ खरं तर त्यांना आधी मिळायला हवा होता. बाणेरच्या नाकाला वास येतो तो खोटा नाही. फक्त बाणेरचा वास चार वर्षांत सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला, उरुळीचा वेशीवरच अडवावा लागला, गाड्यांसमोर आडवं पडून.

मग न्याय कशाला म्हणायचं? कचरा ज्याचा त्याने निस्तरावा, हे उत्तर सगळ्यात सरळ. ते आपल्याकडे एका माणसाने शेवटपर्यंत जगून दाखवलं. अप्पासाहेब पटवर्धन, ज्यांना कोकणचे गांधी म्हणतात. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम मला द्या म्हणून उपास आरंभला. ब्राह्मण कैद्याला ते काम देता येत नाही, असा तुरुंगाचा कायदा. येरवड्यात असलेल्या गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपास केला. पुढे कणकवलीला गोपुरी आश्रमात त्यांनी मैल्याचं आणि केरकचऱ्याचं खत करायच्या सोप्या पद्धती बसवल्या. त्यांचा विचार साधा होता. घाण कुणाच्या तरी माथी मारली की ती जात बनते, आणि शेतात नेली की सोनं.

पण गोपुरीला शेत होतं. माझ्या वर्तकनगरच्या टॉवरला शेत नाही, आणि इथे अप्पासाहेबांचं उत्तर लंगडं पडतं. २०१६ च्या घनकचरा नियमांनी दिवसाला १०० किलोंवर कचरा करणाऱ्या सोसायट्यांना, हॉटेलांना आपल्या ओल्या कचऱ्याची सोय शक्यतो आवारातच लावायला सांगितलं. ५ टनांहून मोठ्या प्रकल्पाभोवती मोकळा पट्टा ठेवायचा असंही त्या नियमांत होतं. नियम चांगले होते. पण मोकळा पट्टा ठाण्यात आणायचा कुठून? आणि आवारातच म्हणजे आवारात नेमकं कुठे?

तो प्रश्न आमच्या सोसायटीत आला तेव्हा दोन तास सभा चालली. खताचे ड्रम घ्यायचे यावर एकमत पाच मिनिटांत झालं. बाकी सगळा वेळ जागेवर. बागेजवळ नको, मुलं खेळतात. गणपतीच्या मंडपाच्या जागी तर नकोच. शेवटी एकाने तोडगा काढला, मागच्या भिंतीशी, पंपाच्या खोलीजवळ ठेवू, तिथे कुणी राहत नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. मी म्हटलं, तिथे वॉचमन काका राहतात, त्यांची बायको आणि दोन मुलं राहतात. एक क्षण सभा गप्प झाली. मग एक जण म्हणाला, "अहो, ते काय, त्यांना चालेल. विचारून घेऊ."

त्यांना बोलावून विचारलंसुद्धा. नांदेडकडचा माणूस, सात वर्षं आमच्याकडे. हात बांधून उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, मला कशाला इचारता. तुमी म्हनाल तिथं ठिवा."

सभेच्या इतिवृत्तात हे 'संमती' म्हणून गेलं असतं. पण ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या होकाराला संमती कसं म्हणायचं? आमच्या गावच्या वाड्यानेही पिढ्यान्‌पिढ्या असाच होकार दिला होता. थोरली आजी आमच्या ओटीसमोर उभी राहू शकली, कारण तिचं घर तिचं होतं, तिची जमीन होती, उद्या आम्हालाही तिच्या विहिरीवर जायचं होतं. वॉचमन काका सेक्रेटरीच्या दारात तसे उभे राहिले तर महिनाअखेर दुसरा वॉचमन दिसेल. वास दोघांना सारखाच येतो. फरक आहे तो उभं राहता येण्यात. मोठ्या प्रकल्पांचंही तेच. हरकती मागवल्या, सुनावणी झाली, शिक्का बसला. इथवर सगळं नियमात. पण प्रकल्प चालू झाल्यावर, त्या मंगळवारी, शेजारच्या माणसाच्या हातात काय असतं? एक तक्रारीचा नंबर. माझं मत असं झालंय की ओल्या कचऱ्याचा प्रकल्प वस्तीजवळच असावा, लांबच्या शिवारात नको. पण त्याचं दार एक दिवस बंद करायचा अधिकार शेजाऱ्यांच्या हातात हवा. वास आला, दार बंद. त्या दिवशीचा कचरा ज्या वॉर्डातून आला त्या वॉर्डात परत. मग बघा, दुधाच्या पिशव्या कशा आपोआप वेगळ्या होतात. यावर माझे एक इंजिनिअर मित्र हसतात. म्हणतात, अशाने शहर आठवड्यात तुंबेल. तुंबेलही. पण आजवर ते तुंबलं नाही, कारण ते भंडार्लीत, डायघरात तुंबत होतं.

आमच्या ड्रमांचं शेवटी काय झालं ते सांगतो. मी आणि दोघी-तिघी बायका अडून बसलो, त्यामुळे भिंतीमागची जागा बारगळली. ड्रम ठेवले पार्किंगच्या तोंडाशी, जिथून अध्यक्षांपासून सगळ्यांच्या गाड्या बाहेर पडतात. पहिले दोन महिने भयंकर गेले. माश्या झाल्या, पाणी गळलं, पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी बोलणं टाकलं. पण वास सगळ्यांना येत होता, त्यामुळे कुणी गप्प बसेना. कुणी लाकडाचा भुसा आणला, कुणी सुकलेला पाला टाकायची पाळी लावली. एक निवृत्त बँकवाले काका तर रोज सकाळी काठीने ड्रम ढवळून हात धुऊन मगच फिरायला जातात. पहिल्या मजल्यावरच्या वहिनी अजूनही म्हणतात की वास येतो, आणि दमट हवेत त्यांचं खरं असतं. त्यांनी खिडकीतून हाक मारली की भुसा टाकायचा, एवढं ठरलंय.

खत झालं, आता ते न्यायचं कुठे? कुंड्यांना लागून लागून किती लागणार. म्हणून उन्हाळ्यात मी चार गोणी गाडीत घालून गावाला नेल्या. गावातला उकिरडाही आता पूर्वीचा राहिलेला नाही. गुरं कमी झालीत, ट्रॅक्टर आलेत, आणि त्या खड्ड्यात शेणापेक्षा वेफर्सच्या पिशव्याच जास्त चमकतात. खतासाठी दुकानात जावं लागतं. तरी चुलतभाऊ गोण्यांकडे संशयाने बघत होता. "शेराचं खत? काचा असतील त्यात." त्याने परसात चाळणी लावली, भात चाळायची मोठी, आणि एक गोणी तिच्यावर ओतली. वहिनी, तो आणि मी, तिघं बसून चाळत होतो. खत चांगलं होतं, काळं, हाताला हलकं. त्यालाही ते पटत होतं, पण तो बोलला नाही. चाळणीत मागे राहिली दोन बाटल्यांची बुचं, सॉसची एक पुडी, केसांची एक पिन आणि एक स्टीलचा चमचा. चमचा वहिनीने घासून मांडणीवर ठेवला. बुचं आणि पुडी भावाने एका पिशवीत घातली, तिची गाठ मारली आणि माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर नेऊन ठेवली.

"हे तुज्या बिल्डिंगवाल्यांना दाखव," म्हणाला. "म्होरच्या खेपंला परत असं निघालं तर गोनी उतरवून घेनार न्हाय मी."